‘आहे’, ‘असावं’ आणि ‘म्हणे’

मी महापे गावातून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखता. माझं नाव काढलं की तुम्हाला वह्या, हप्ते आणि बँकेची स्लिप आठवते, हे मला माहीत आहे. आज मात्र मी गोष्टींबद्दल बोलणार आहे. गोष्ट वाचताना किंवा ऐकताना त्यात सांगितलेलं काय आणि आपण मनाने ताडलेलं काय, हे वेगळं कसं ओळखायचं, हा आजचा विषय. शेवटी आपण हिशोबाच्या वहीवरच येणार आहोत, तेही आधीच सांगून ठेवते.

आमच्या गटांत गेली तीन वर्षं एक पद्धत आहे. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले, की शेवटची वीस मिनिटं एक गोष्ट वाचायची. जिला वाचता येतं ती मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी भाजी निवडत ऐकते, कुणी मांडीवरचं पोर थोपटत. मग त्या गोष्टीवर बोलायचं. ही पद्धत का सुरू झाली, त्यामागे माझीच एक चूक आहे. ती शेवटी सांगते.

चिमणी आणि कावळा

सुरुवात सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीपासून करू. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं. तो चिमणीच्या दारावर येतो आणि दार उघड म्हणतो. चिमणी दर वेळी काही तरी काम सांगते. बाळाला अंघोळ घालते आहे, काजळ लावते आहे, असं करत करत त्याला बाहेर ताटकळत ठेवते. पुढचा शेवट घरोघरी वेगळा.

आमच्या बैठकीत मी विचारलं, “या गोष्टीतून काय काय कळलं?” भराभर उत्तरं आली. घर शेणाचं होतं. पावसात वाहून गेलं. कावळा आळशी होता. चिमणीला दार उघडायचं नव्हतं. चिमणीला भीती होती की हा आपली पिल्लं खाईल.

आता एकेक उत्तर हातात घेऊन बघा. घर शेणाचं होतं आणि पावसात वाहून गेलं, हे गोष्टीनेच सांगितलं. त्यावर वाद नाही. ‘चिमणीला दार उघडायचं नव्हतं’ हे गोष्टीत कुणी म्हटलेलं नाही. पण ती एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी नवं कारण सांगते. त्यावरून आपण ते ताडलं, आणि पक्कं ताडलं.

‘कावळा आळशी होता’ याला काय आधार? शेणाचं घर बांधलं म्हणून? गोठ्याशेजारी राहणाऱ्याला शेण मिळतं, मेण मिळत नाही. त्याला मेण मिळालंच नसेल! तुमच्या आजीने गोष्ट सांगताना ‘आळशी कावळा’ असं म्हटलं असेल, तर तुमच्या गोष्टीत ते सांगितलेलं आहे. माझ्या आजीच्या गोष्टीत ते नव्हतं. मी ते माझ्या पदरचं घातलं होतं, आणि इतकी वर्षं ते गोष्टीतलंच समजत होते.

आणि पिल्लांची भीती? कावळे दुसऱ्या पाखरांची अंडी-पिल्लं पळवतात, हे आपण अंगणात पाहिलेलं असतं. म्हणजे हे उत्तर आपल्या अंगणातून आलं. ते चूक असेलच असं नाही. पण गोष्ट चिमणीच्या मनातलं बोलत नसेल, तर ‘तिला भीती होती’ असं म्हणता येत नाही. ‘तिला भीती वाटत असावी’ असं म्हणावं.

एकदा एकीने विचारलं, “ताई, गोष्टच मुळात रचलेली, मग तिच्यात खरं काय आणि खोटं काय?” प्रश्न चांगला होता. गोष्ट घडलेली नसली तरी तिच्या कुंपणाच्या आत काही गोष्टी पक्क्या असतात. सांगणाऱ्याने घर शेणाचं म्हटलं की त्या गोष्टीत ते शेणाचंच. ते आपण विटांचं करू शकत नाही. कुंपणाच्या आतलं एवढं पक्कं धरायचं, बाकीचं आपलं.

शीत आणि सूत

ताडणं वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ताडल्याशिवाय संसार चालत नाही. बाळ कसं रडतं यावरून आई ताडते, भूक लागली की पोट दुखतंय. आपल्याकडच्या जुन्या न्यायशास्त्रात ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष. खुणेवरून ओळखलं ते अनुमान. त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार.

हे उदाहरण आपल्या भागात नीट तपासून घ्यावं लागतं. महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात डोंगराला लागून दगडखाणी होत्या. सुरुंग उडाला, खडी पडली, की असा धुरळा उठायचा की लांबून धूरच वाटावा. खाली बघणाऱ्याने ‘आग लागली’ म्हणून ओरडायच्या आधी एवढंच विचारायचं होतं, हा धूरच आहे का? दुसरं काही असू शकतं का?

आपल्या भाषेत चांगल्या अंदाजाला आणि वाईट अंदाजाला दोन वेगळ्या म्हणी आहेत. शितावरून भाताची परीक्षा, हा चांगला अंदाज. एक शीत दाबून बघितलं की सगळा भात शिजला का ते कळतं, कारण ते शीत त्याच भांड्यातलं असतं आणि बाकीची शितंही त्याच आचेवर शिजलेली असतात. सुतावरून स्वर्ग गाठणं, हा वाईट अंदाज. हातात एक धागा, आणि त्याला धरून आपण थेट स्वर्गात. गोष्ट वाचताना स्वतःला विचारायचं, माझ्या हातात शीत आहे की सूत?

भीमा का रडला?

आता जरा मोठी गोष्ट घेऊ. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आम्ही दोन बैठकांत वाचली. अण्णा भाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. मुंबईत येऊन कष्टाची कामं केली, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, आणि तिथूनच एवढं लिहिलं.

कथा थोडक्यात सांगते. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, उपनगरात दगडाच्या खाणीवर मिळतं. काही महिन्यांनी खाण बंद पडते. घरी बायको आहे, लहान लेक आहे. अशात एकदा त्याला चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळून सोनं शोधायला लागतो, पुढे पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं दातांत अडकतात. तो कसाबसा सुटून घरी येतो. डॉक्टरला त्याची दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ते ऐकून भीमा रडू लागतो.

वाचन संपलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. आमच्यातल्या काही जणींच्या घरच्यांनी खाणीवर खडी फोडलेली आहे. थोड्या वेळाने बोलणं सुरू झालं, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

पहिली म्हणाली, “भीमा चोर होता.” मी विचारलं, “तो काय करत होता, असं कथेत आहे?” ती म्हणाली, “मढ्यावरचं सोनं काढत होता.” मग तेवढं सांगितलेलं. ‘चोर’ हे आपण दिलेलं नाव. शेजारची लगेच म्हणाली, “मी त्याला चोर नाही म्हणणार, भुकेला म्हणेन.” सांगितलेली गोष्ट एकच, नावं दोन. नाव द्यायचा दोघींनाही हक्क आहे, पण दोन्ही नावं त्यांची स्वतःची आहेत.

दुसरी म्हणाली, “ठेकेदाराने मुद्दाम खाण बंद केली.” आम्ही पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘मुद्दाम’ कुठे लिहिलंय त्या ओळीवर बोट ठेव. तिने शोधलं, सापडलं नाही. ती हसून म्हणाली, “आमच्या ह्यांच्या कंपनीत तसं झालं होतं.” म्हणजे ‘मुद्दाम’ हा शब्द तिच्या घरून आला होता. आपला अनुभव असा न विचारता गोष्टीत शिरतो. त्याला बाहेर हाकलायचं नाही. तो कुठून आला, तेवढं ओळखायचं.

तिसरा वाद सर्वांत मोठा झाला. भीमा का रडला? एक जण म्हणाली, पाप केलं म्हणून, पश्चात्ताप झाला. दुसरी म्हणाली, बोटं दुखत होती म्हणून. मग एक म्हातारी मावशी, जिच्या नवऱ्याची उमर खाणीवर गेली, ती म्हणाली, “अगं, दोन बोटं गेल्यावर पहार धरायची कशी? काम आलं आणि हात गेला.”

आता यातलं काय धरायचं? तो रडला, हे सांगितलेलं आहे. तिन्ही कारणं ताडलेली आहेत. पण ताडलेलं सगळं सारख्या वजनाचं नसतं. बोटं आधीच कापली गेली होती, रडू मात्र बातमी ऐकल्यावर आलं. म्हणजे नुसत्या दुखण्याचं कारण लंगडं पडतं. पश्चात्ताप म्हणावा, तर आदल्या भागात बायको त्याला स्मशानात जाऊ नको म्हणून विनवते, तेव्हा तो तिची भीती उडवून लावतो. त्याला त्या कामाचं पाप वाटत होतं, असा धागा तिथे हाताला लागत नाही. मावशीच्या म्हणण्याला बातमीची वेळ आधार देते, आणि शेवटी लेखक त्या बोटांची आणि डोंगर फोडण्याच्या कामाची जी सांगड घालतो, तीही आधार देते. दोन शितं एकाच भांड्यातली निघाली. म्हणून मावशीचं ताडणं सर्वांत भक्कम.

मावशीला एकही अक्षर वाचता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. ताडायला आणि तपासायला अक्षर लागत नाही. लक्ष देऊन ऐकलेलं पुरतं.

याच कथेतून आणखी दोन गोष्टी कळल्या. भीमा बायकोला म्हणतो की खरी भुतं स्मशानात नाहीत, या शहरातल्या घरांत आहेत. हे कथेत लिहिलेलं आहे. पण ते कोण बोलतंय? भीमा बोलतोय. लेखकाने स्वतः सांगितलेलं वेगळं आणि पात्राच्या तोंडून आलेलं वेगळं. पात्र रागात बोलतं, भीतीने बोलतं, कधी खोटंही बोलतं. तेव्हा पक्कं एवढंच, की भीमा असं म्हणाला. तो हे का म्हणाला असावा, ते आपण ताडायचं.

दुसरी गोष्ट. अण्णा भाऊही त्याच भागातून मुंबईत आलेले, म्हणून एकीने ठरवून टाकलं की भीमा म्हणजे अण्णा भाऊच. दोघांचा मुलूख जवळचा, एवढं खरं. पण त्यावरून माणूसही तोच म्हणणं, हा सुतावरचा स्वर्ग झाला. अण्णा भाऊंनी हे जग जवळून पाहिलेलं असावं, इथपर्यंत म्हणावं आणि थांबावं.

भाषेनेच दिलेली तीन भांडी

हे वेगळं करण्यासाठी आपल्याला नवं काही शिकायला नको. आपल्या मराठीत तीन भांडी तयारच आहेत.

पहिलं ‘आहे’. ती बाजारात गेली. हे पाहिलेलं, किंवा गोष्टीत स्पष्ट सांगितलेलं.

दुसरं ‘असावं’. ती बाजारात गेली असावी, गेली असेल, गेलेली दिसते. पिशवी खुंटीवर नाही, चपला दारात नाहीत, म्हणून.

तिसरं ‘म्हणे’. ती बाजारात गेली म्हणे. हे दुसऱ्या कुणी तरी सांगितलं. इथे लगेच विचारायचं, कोण म्हणे? न्यायशास्त्रातला ‘शब्द’ म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. सांगणाऱ्याचं नावच नसेल तर भरवसा कुणावर ठेवायचा?

आमच्या बैठकीत आम्ही खरोखरच तीन वाट्या मांडतो आणि चिंचोके घेऊन बसतो. गोष्ट वाचून झाल्यावर प्रत्येकीने एक वाक्य बोलायचं आणि चिंचोका कुठल्या तरी एका वाटीत टाकायचा. ‘आहे’च्या वाटीत टाकला तर वाचणारीने ती ओळ पुन्हा वाचून दाखवायची. ओळ सापडली नाही तर चिंचोका उचलून ‘असावं’च्या वाटीत. तिथे ठेवायचा तर ‘कशावरून?’ याचं उत्तर द्यायचं. उत्तर देता आलं नाही तर चिंचोका परत आपल्या हातात. पहिल्या दिवशी ‘आहे’ची वाटी काठोकाठ भरली होती. तपासून झाल्यावर तिच्यात जेमतेम अर्धे चिंचोके उरले. हसून हसून पुरेवाट झाली, पण डोक्यात प्रकाश पडला.

ताडलेलं तपासताना चार प्रश्न विचारतो. कुठल्या ओळीवरून? अशा ओळी एकीपेक्षा जास्त आहेत का? याच्या उलट जाणारी एखादी ओळ आहे का? आणि दुसरं काही असू शकतं का? घरी मुलं मराठीची कृतिपत्रिका सोडवत असतील तर त्यांनाही हेच विचारा. उताऱ्यातलं शोधून लिहायचं आणि ‘स्वमत’ म्हणून लिहायचं, यात मुलं गोंधळतात. ओळीवर बोट ठेवायला लावलं की गोंधळ कमी होतो.

वहीतली ती ओळ

आता माझी चूक सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या एका गटातली एक ताई सलग दोन बैठकांना आली नाही. तिचे कर्जाचे दोन हप्ते थकले. तिसऱ्या बैठकीत एकीने सांगितलं, “मी तिला सोनाराच्या दुकानात पाहिलं.” दुसरी म्हणाली, “तिच्या नणंदेचं लग्न ठरलंय म्हणे.” झालं. पाच मिनिटांत आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाई गटाच्या पैशातून सोनं करते आहे आणि हप्ते मुद्दाम थकवते आहे. आणि मी, बी. ए. झालेली, ते तसंच्या तसं इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं. ‘असावं’ नाही, ‘म्हणे’ नाही. ‘सोने खरेदी केले’ असं लिहिलं. वर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

मग आम्ही सहा जणी तिच्या दारात गेलो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत पाटल्या नव्हत्या. तेवढ्यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं, पण आम्ही बोलायला सुरुवात केली होती. तिची आई माहेरी दवाखान्यात होती. ती सोनाराकडे गेली होती ते पाटल्या मोडायला. सोनाराच्या दुकानात माणूस घ्यायलाही जातो आणि मोडायलाही जातो, हे आम्हा सहा जणींपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. ‘दुसरं काही असू शकतं का?’ हा एक प्रश्न विचारला असता तर!

ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा.” मी वाचून दाखवलं. तिने पुढच्या सहा महिन्यांत कर्जाचा रुपया न् रुपया फेडला आणि गट सोडला. रस्त्यात भेटली की आजही बोलते. पण गटात परत आली नाही.

ती ओळ मी खोडली नाही, कारण वहीत खाडाखोड करायची नसते. खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहिली : वरील मजकूर ऐकीव होता, तो खरा नव्हता. बचत गटाची पंचसूत्री आपण सगळ्या म्हणतो : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. त्यातल्या लेख्यांचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. आकडा चुकला तर पुढच्या महिन्यात जुळवता येतो. माणसाबद्दल लिहिलेलं वाक्य चुकलं तर तेवढ्याने जुळत नाही.

त्यानंतर आम्ही गोष्टी वाचायला सुरुवात केली. गोष्टीतल्या भीमाबद्दल आपण चुकीचं ताडलं तर भीमाचं काही बिघडत नाही. तिथे चुकून घ्यावं, हसावं, पुन्हा ओळ शोधावी. तिथे सवय झाली की आपल्या गल्लीतल्या, आपल्या गटातल्या बाईबद्दल बोलताना जीभ जरा थांबते. आता आमच्या बैठकीत कुणी काही सांगायला लागलं की दुसरी विचारते, “कुठल्या वाटीत टाकू?” वाट्या समोर नसल्या तरी सगळ्यांना समजतं.

आज रात्री मुलांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगा आणि त्यांना विचारा, कावळा आळशी होता का? ती काय उत्तर देतात ते ऐका, आणि हळूच विचारा, “कशावरून?” पुढच्या बैठकीत तुमची उत्तरं घेऊन या. चिंचोके आम्ही आणतो.